ढ कुणाचा?

"अ अननसाचा," मी म्हटलं.

"अ अननसाचा!" एकतीस पोरं एका सुरात ओरडली.

"अ अवदसेचा!" बत्तिसावी ओरडली.

वर्ग एकदम गप्प झाला. दाराबाहेर तीन मांजरं बसली होती, त्यांनीसुद्धा कान टवकारले.

"कोण म्हणालं ते?"

"मी, बाई." मागच्या पट्टीवरून एक मुलगी उठली. सहा-सात वर्षांची, काळीसावळी, केसांना बक्कळ तेल. फ्रॉकला दोन खिसे आणि दोन्ही खिशांत सुकट. मांजरं शाळेत का आली होती, त्याचा उलगडा झाला.

"नाव काय तुझं?"

"बायाक्का."

"बायाक्का, अवदसा म्हणजे काय ठाऊक आहे?"

"व्हय की. आत्ती रोज सकाळी म्हनती, ऊठ गं अवदसे. म्हंजे उठायचं." मग तिनं मान तिरकी करून मला विचारलं, "अननस म्हंजे काय वो, बाई?"

आता आली का पंचाईत! मी बावीस वर्षांची. डी.एड. होऊन पहिलीच नेमणूक. गाव येळवंडी, गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. आणि मी स्वतः तोवर अननस खाल्ला तर नव्हताच, पाहिला होता तोही तक्त्यावरच.

"फळ असतं एक. अंगावर काटे, डोक्यावर शेंडी."

"म्हंजे निवडुंग," पुढच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला.

"नाही रे, फळ. गोड असतं."

"तुमी खाल्लाय?" बायाक्का.

"आपण पुढचं म्हणू या," मी म्हटलं. "आ आईचा."

"आ आईचा!"

"आ आत्तीचा," मागून बारीक आवाज आला. ते मात्र मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हिची आई बाळंतपणात गेली आणि बापानं दुसरा संसार थाटला, एवढं मला शाळेच्या शिपायाकडून कळलं होतं.

हे अठ्ठ्याहत्तर सालचं. शाळेला दोन खोल्या. एकीत मी, पहिली आणि दुसरी घेऊन. दुसरीत हेडगुरुजी, तिसरी आणि चौथी घेऊन. मधल्या भिंतीला वरच्या बाजूला फट होती. त्यांच्या वर्गातले पाढे आमच्याकडं यायचे आणि आमच्याकडची मांजरं त्यांच्याकडं जायची.

बायाक्काची आत्ती दुसऱ्याच दिवशी शाळेत आली. सत्यव्वा तिचं नाव, पण सारं गाव तिला सत्याक्का म्हणायचं. तेही जरा लांब उभं राहून. सुक्या मासळीचा धंदा. डोक्यावर बोंबलाची पाटी, कासोटा घट्ट, आणि तोंडाचं तर विचारूच नका. आमच्या माहेरी चातुर्मासात कांद्याचंसुद्धा नाव घेत नसत. मी पदर नाकाला लावला.

"वास येतोय व्हय?" सत्याक्का म्हणाली. "येनारच. बोंबील हाय, मोगरा न्हवं. बाई, माझं एकच सांगनं हाय. हिला एक वर्सात वाचाय शिकवा."

"शिकवते की. पण एकच वर्षात का?"

"मला यष्टीची पाटी वाचनारी पायजे." तिनं पाटी खाली ठेवली. "गेल्या साली निपानीच्या बाजाराला निघालते. कंडाक्टरला इचारलं, तर त्यो मुडदा पान खात हुता, मान हलिवली. मी बसले. उतरले तर संकेश्वर! बाजार निपानीला आन मी संकेश्वरात. दोन पोती बोंबील घिऊन दिसभर उन्हात बसले. मानसं नाक धरून लांबनं जायाची. त्या दिशीच ठरिवलं, घरात एक वाचनारं मानूस पायजे. वर्सात आलं तर शिकू दे म्होरं. न्हाई आलं, तर बसंल माझ्यासंगं बाजारात. उगं दोघी अडानी ऱ्हाऊन एकीनं शाळंत बसायचं कशाला?"

हिशोब सरळ होता. वर्षाच्या आत बायाक्काला पाटी वाचता आली पाहिजे. नाहीतर पोतं.

पहिले दोन महिने पोतंच दिसत होतं. ग गणपतीचा म्हटलं की ती गणपतीच्या सोंडेकडं बघत बसायची. ख खटाऱ्याचा म्हटलं, की "खटारा गुंडाप्पाचा." अक्षर कुठलंही दाखवा, ती चित्राकडं बोट करणार आणि गावातल्या त्या वस्तूच्या मालकाचं नाव सांगणार. मी माझं सगळं डी.एड. पणाला लावलं. चिंचोके मांडले, वाळूत गिरवलं, अंगणात खडूनं एवढाले मोठे क काढून त्यावरून तिला चालवलं. ती आनंदानं चालायची. तिच्यामागून मांजरं चालायची. विचारलं, कशावरून चाललीस? तर म्हणायची, "खडूवरनं."

अशात श्रावणात एका दुपारी हेडगुरुजी माझ्या वर्गात डोकावले.

आवटी गुरुजी माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगते. पोरांना पदरचे खडू द्यायचे, पावसात ओढा भरला की खांद्यावर घेऊन पार करायचे. पण त्यांची एक जुनी रीत होती. दरवर्षी पहिलीतलं एक मूल निवडायचं आणि त्याला ढ ठरवायचं. त्यांच्या मते त्यामुळं बाकीच्यांना हुरूप येतो.

त्यांनी फळ्यावर म काढला. "बायाक्का, हे काय?"

"खडू."

"खडूनं काढलंय ते काय?"

बायाक्कानं खूप विचार केला. "रेघा."

वर्ग हसला. गुरुजींनी कपाळाला हात लावला. "बाई, ही तर ढ आहे. अगदी शुद्ध ढ. ऐका रे सगळ्यांनी! आजपासून हिचं नाव ढ. काय?"

"ढ!" सगळी पोरं ओरडली.

मी बायाक्काकडं बघितलं. तिचे डोळे मोठे झाले होते आणि ती हसत होती. चांगली गालभर हसत होती. कोडगी झाली बिचारी, मी मनात म्हटलं. सहाव्या वर्षी कोडगी झाली.

मधल्या सुट्टीत ती माझ्याकडं आली. "बाई, ढ कसा काढत्यात?"

"कशाला गं तुला?"

"दावा की."

मी जड हातानं पाटीवर ढ काढला. तिनं एकदा बघितलं. पाटी घेतली आणि काढला. एकाच दमात, गोल गरगरीत, खाली नीट गाठ मारलेला. दोन महिने जिच्या डोक्यात अक्षर शिरत नव्हतं, तिला ढ पहिल्या फटक्यात आला. मला तर रडूच यायला लागलं.

त्यानंतर गावभर ढ दिसायला लागले. शाळेच्या भिंतीवर कोळशानं ढ, पाणवठ्यावर ओल्या दगडावर विटकरीनं ढ. एक काळं मांजर तर पाठीवर खडूनं काढलेला ढ घेऊन हेडगुरुजींच्या वर्गातून फिरून आलं. मी गुरुजींना गाठलं.

"गुरुजी, तिला ढ म्हणू नका. ती मनाला लावून घेते."

"छे हो! हसते की ती. परवा मी हाक मारली, ए ढ, तर म्हणाली, ओ! तिला काही वाटत नाही, मग तुम्हाला का वाटतं?"

यावर बावीस वर्षांच्या बाईनं काय बोलावं? मी गप्प बसले. ते आजही मला बरं वाटत नाही.

पण अक्षरांचं कुलूप उघडलं ते मात्र शाळेत नाही. ते उघडलं यष्टीच्या थांब्यावर.

गौरी-गणपतीच्या सुट्टीला मी गावी निघाले होते. शाळेसमोरच यष्टी थांबायची. तिथं सत्याक्का आणि एक पागोटेवाला व्यापारी जुंपलेले. यष्टीच्या टपावरून त्यानं सत्याक्काचं पोतं आपलं म्हणून उतरवलं होतं. पोती सगळी सारखीच. सांगणार कसं, कुणाचं कुठलं?

"तुझं नाव लिवलंय काय त्याच्यावर?" व्यापारी म्हणाला.

झालं. सत्याक्कानं पदर खोचला आणि सुरू झाली. मुडद्या म्हणाली. करंट्या म्हणाली. दळभद्र्या, थेरड्या, खविसा म्हणाली. एकेक शब्द धुणं आपटावं तसा. त्यातला भ चा शब्द आणि र चा शब्द मी इथं लिहीत नाही. वाचकांनी आपापल्या घरातल्या तिखट बाईला विचारावा.

बायाक्का शेजारी उभी होती. तिचे ओठ हलत होते. मी जवळ गेले तर ती पुटपुटत होती, "मुडद्या... म. करंट्या... क. दळभद्र्या... द. थेरड्या... थ."

मी जागच्या जागी उभी राहिले. यष्टी गेली. मी गेले नाही.

हिला आवाज कळत होते! अगदी लख्ख कळत होते. फक्त अननस, खटारा, शहामृग या मंडळींशी तिचा काही घरोबा नव्हता. तिच्या घरात नांदत होता तो मुडदा.

सुट्टी संपल्यावर मी तिला शाळा सुटल्यानंतर थांबवून घेतलं. दार लावलं. वही उघडली.

"बायाक्का, आत्ती काय काय म्हणते, ते मला सांग. क पासून."

"बाई, मारशीला."

"नाही मारत."

"करंटीचा," ती हळूच म्हणाली.

"हे बघ, क. करंटीचा क. आता ख."

"खविसाचा."

"ग?"

"गाढवीचा. घ घुबडाचा. च..." तिनं च चा शब्द सांगितला. माझा खडू मोडला. मी म्हटलं, "दुसरा नाही का एखादा?" तिनं उदार मनानं चांडाळ दिला.

अशी आम्ही आठवड्याभरात सगळी मुळाक्षरं गोळा केली. ट टवळीचा, न निलाजऱ्याचा, प पाप्याचा, स सटवीचा, ह हलकटाचा. ण वरून शब्द सुरूच होत नाही, तिथं सरकारी तक्त्यानंही ण बाणाचा अशी पळवाट काढलेली आहे. आम्ही काढली ण बोंबलणीचा. ळ काळतोंड्याचा.

एकाच अक्षराला ती अडली.

"ढ?" मी जरा चाचरतच विचारलं. "ढोंगी म्हणत असेल ना आत्ती? नाहीतर ढालगज?"

"म्हनती." बायाक्कानं ओठ घट्ट मिटले. "पर ढ ला शिवी नगं, बाई. त्यो चांगला हाय."

"चांगला म्हणजे?"

"चांगला हाय," ती म्हणाली आणि पुढं काही बोलेना. मी ढ ची जागा कोरी ठेवली.

नियम एकच घातला: शब्द मनात, अक्षर तोंडात. मनातलं बाहेर आलं, की तुझी शाळा बंद आणि माझी नोकरीसुद्धा. बायाक्कानं आत्तीची शपथ घेतली. आणि गाडी जी सुटली म्हणता! दिवाळीला मुळाक्षरं, संक्रांतीला काना-मात्रा. तिला वाचताना बघणं गमतीचं असायचं. डोळे अक्षरावर, ओठ बिनआवाज हलणार, चेहऱ्यावर क्षणभर सत्याक्काचा भडका उडणार, आणि मग गोड आवाजात, "म."

त्याच दिवसांत सडकेचं डांबरीकरण आलं. एका सकाळी सत्याक्काची पोती थांब्यावर रचलेली दिसली. प्रत्येक पोत्यावर हातभर मोठा, काळाकुट्ट, चकाकता ढ.

"बायाक्कानं काढला," सत्याक्का खुशीत म्हणाली. "डांबरात काडी बुडवून. आता म्हनंल काय कोन माझं हाय म्हनून? बाई, कसलं आक्षर वो हे?"

"ढ," मी म्हटलं.

"झ्याक हाय. पोटुशा बाईवानी दिसतंय."

तिला काही ठाऊक नव्हतं. माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं: शिव्यांची एवढी खाण, पण ढ ही शिवी सत्याक्काला येत नव्हती. येणार कशी? ती शिकलेल्या माणसांची शिवी आहे. शाळेत गेल्याशिवाय ती कुणाला घालता येत नाही आणि कुणाला लागतही नाही. आणि ही पोर स्वतःच्या हातानं तो शिक्का घरच्या पोत्यांवर मारून बसली होती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मार्च संपता संपता तपासणी आली. शिक्षण विस्तार अधिकारी पोतनीस साहेब. आदल्या दिवशी हेडगुरुजींनी निकालाचा तक्ता माझ्यासमोर ठेवला. एकतीस नावांपुढं उत्तीर्ण. बत्तिसाव्यापुढं पेन्सिलीनं नापास.

"गुरुजी, तिला वाचता येतं!"

"ढ ला? बाई, मी तिला वाचताना पाहिलंय. तोंडातल्या तोंडात मंत्र पुटपुटते आणि एक अक्षर टाकते. साहेबांपुढं शोभा नको. उद्या तिला घरी ठेवा. राहू दे वर्षभर पहिलीत."

"वर्षभर राहणार नाही ती. तिची आत्ती बाजारात नेऊन बसवेल."

"नशीब एकेकाचं," गुरुजी म्हणाले. पण म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

मी बायाक्काला घरी राहा म्हटलं नाही. म्हणायचं विसरले असं गुरुजींना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. जाड चष्मा, जाड मिश्या, हातात छत्री. बाजारचा दिवस होता. सत्याक्काही पोती थांब्यावर ठेवून वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. "सायेब म्हंजे कसा आसतोय बघावं," म्हणाली. हेडगुरुजींनी बायाक्काला पाहिलं, त्यांचा चेहरा पडला. त्यांनी तिला दंडाला धरून कपाटाच्या मागं बसवलं. "हलू नकोस."

ती हलली नाही. पण मांजरं हलली. एक आलं, कपाटामागं गेलं. दुसरं आलं. तिसरं साहेबांच्या बुटावरून गेलं.

"ही मांजरं कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"बायाक्काची!" सगळा वर्ग.

"आणि बायाक्का कुठंय?"

"कपाटामागं!"

पोरं खोटं बोलायला तिसरीत शिकतात. बायाक्का बाहेर आली. साहेबांनी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि म काढला. तिचे ओठ हलले. "म." क काढला. ओठ हलले. "क." थ, ख, स. एक चुकलं नाही. हेडगुरुजींचं तोंड उघडं पडलं. साहेब मात्र तिच्या ओठांकडं बघत होते.

"मनात काय म्हणतेस गं, आधी?"

बायाक्कानं माझ्याकडं बघितलं. "बाईंनी सांगितलंय," ती म्हणाली, "मनातलं मनात ठेवायचं."

"मला सांग की. कानात सांग."

ती पुढं गेली, टाचा उंच केल्या. साहेब वाकले. ती काहीतरी बोलली. साहेबांच्या मिश्या जरा थरथरल्या. ते म्हणाले, "बरं. आणि थ?" पुन्हा कानात. "आणि भ?" पुन्हा. या वेळी साहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"भ चा शब्द आमच्याही घरी आहे," ते माझ्याकडं बघून हळूच म्हणाले. "सासूबाईंकडून आलेला."

मी श्वास सोडला. तेवढ्यात हेडगुरुजी पुढं झाले. बिचाऱ्यांना सावरून घ्यायचं होतं. "साहेब, आम्हालाच नवल आहे. तशी ही अगदी ढ..."

तो शब्द ऐकताच साहेबांनी वळून फळ्यावर ढ काढला. का काढला, कुणास ठाऊक. "हे वाच."

या वेळी तिचे ओठ हलले नाहीत. मनात काही म्हणालीच नाही. ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ह्यो माझा."

"तुझा म्हणजे?"

"ढ बायाक्काचा. आ आईचा, ग गनपतीचा, तसा ढ माझा. हेडगुरुजींनी दिलाय. सगळ्यांच्या म्होरं दिला. आनि कुनाला दिला न्हाई." मग भिंतीवरच्या तक्त्याकडं बोट करून तिनं जरा तक्रारीच्या सुरात सांगितलं, "तितं ढगाचा लिवलंय. त्ये चुकलंय."

कुणी हसलं नाही. एवढी लहान पोरं, पण एकही हसलं नाही.

आणि मला दिसलं ते श्रावणातलं गालभर हसू. आठ महिने मी त्या हसण्यावर मनातल्या मनात रडत होते. पोरीला बक्षीस मिळालं होतं, आणि मी तिचं सांत्वन करत बसले होते!

साहेबांनी खडू खाली ठेवला. आवाज बारीक पण धारदार. "आवटी, शब्द मागे घ्या."

हेडगुरुजींच्या मानेवर घाम आला होता. ते खरंच ओशाळले होते. "बायाक्का," ते म्हणाले, "मी परत घेतो गं. तू ढ नाहीस."

आणि बायाक्का रडायला लागली. वर्षभरात जिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं, ती भोकाड पसरून रडायला लागली. "माझा ढ! दिल्यालं परत का घेताय? माझ्याकडनं हरवला न्हाई का काय न्हाई! वाचलं की मी सगळं!"

"अगं, तसं नाही..." गुरुजी.

"पोत्यावर बी काढलाय!"

तेवढ्यात दारातून सत्याक्का आत आली. पदर खोचलेला. "काय घेतलं गं तुजं? कुनी घेतलं? आनि ढ म्हंजे काय वो, मास्तर, एवढं पोरगीच्या हातनं वडून घ्यायला?"

तिथं शिकलेली माणसं तीन, आणि तिघांनाही सांगता येईना. सत्याक्का माझ्याकडं वळली. "बाई, तुमी सांगा. ढ म्हंजे काय?"

माझ्या सबंध नोकरीत मला मुलांनी लाखभर प्रश्न विचारले असतील. त्यातल्या याच एका प्रश्नाला मी घाबरले.

"ढ म्हणजे," मी म्हटलं, "फार जुनं अक्षर. म्हणतात, बाकीची सगळी अक्षरं दोन हजार वर्षांत बदलली, मोडली, वाकली. हे एकटंच होतं तसं राहिलं. कुणाच्यानं हललं नाही."

"मग बरोबर हाय की," सत्याक्का म्हणाली. "आमची बी तसलीच हाय. द्या तिचं तिला."

हेडगुरुजींनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी मान हलवली. मग गुरुजी खाली बसले, बायाक्काच्या उंचीला आले, तिची पाटी घेतली आणि आपल्या वळणदार हातानं त्यावर ढ काढला. "घे बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला नेहमीचा वाटला नाही. "ढ बायाक्काचा."

"पुन्यांदा घेनार न्हाई न्हवं?"

"नाही घेणार."

बाहेर हॉर्न वाजला. "यष्टी!" सत्याक्का ओरडली. "सायेब, तुमचं पास-नापास मला काय कळत न्हाई. ही पाटी वाचंल का, त्येवढं बगू द्या."

सगळी शाळा थांब्यावर. यष्टी धुरळ्यात उभी, इंजिन घरघरत, टपावर कोंबड्या, खिडक्यांतून माणसं. बायाक्का पाटीसमोर उभी राहिली. एवढ्या गोंगाटात मनातलं तिला स्वतःला ऐकू येईना, म्हणून ती मोठ्यानं वाचायला लागली.

"न निलाजऱ्याचा, नि! प पाप्याचा, पा! ण बोंबलणीचा, णी!" क्षणभर थांबली. "निपाणी! आत्ती, निपाणी हाय! बस!"

कंडक्टरनं तोंडातलं पान गिळलं. सत्याक्कानं भाचीच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली, पोती टपावर टाकली, आणि चढता चढता मला म्हणाली, "बाई, मुडद्यानो, शिकिवलंसा की वो!" एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला त्यानंतर मिळालं नाही.

साहेब त्याच यष्टीनं गेले. जाताना त्यांनी निकालाच्या तक्त्यावरची पेन्सिल स्वतःच्या रबरानं पुसली. हेडगुरुजींनी नंतरच्या कुठल्याच वर्षी कुणाला ढ ठरवलं नाही. म्हणायचे, ते अक्षर आता देऊन झालं. पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली.

निवृत्त झाल्यावर मी गडहिंग्लजला राहायला आले. माझी सून मालवणकडची, तिला बोंबलाशिवाय घास उतरत नाही. परवा बाजारात तिच्याबरोबर गेले होते. शेजारीण म्हणाली, "सुकं घ्यायचं तर ढ मार्काचं घ्या हं. बाकी सगळी वाळू." मी थबकले. पुढच्या वळणावर हारीनं पोती रचलेली, प्रत्येकावर छापलेला काळा, गरगरीत ढ. गादीवर पन्नाशीकडं झुकलेली बाई, चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत. पायाशी तीन मांजरं. ओठ अजून जरा हलत होते.

"बायाक्का," मी म्हटलं.

तिनं वर बघितलं. उठली, पाया पडली, हाताला बोंबलाचा वास तसाच. मला खुर्ची दिली, चहा सांगितला, चहावाल्याला उशीर झाला म्हणून ट टवळीचा ऐकवला. सत्याक्का गेली त्याला बारा वर्षं झाली, म्हणाली. शेवटपर्यंत तोंड चालू होतं.

निघताना मला राहवेना. चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं.

"बायाक्का, ढ म्हणजे काय, ते तुला कधी कळलं गं?"

"त्ये व्हय?" तिनं पोत्यावर थाप मारली. "दुसरीतच कळलं की वो, बाई. पर तवर डांबर वाळलं हुतं."